कॉइल बदलायची की अख्खा एसी?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. घर २०१४ सालचं, दुमजली, २,६०० चौरस फुटांचं. आम्ही ते २०१९ मध्ये घेतलं. एकच चार टनांचा सेंट्रल एसी आहे, आर-४१०ए गॅसवरचा. फर्नेस (घर गरम करणारं यंत्र) आणि आतली कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी) ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर आहे. गेल्या उन्हाळ्यात दोन पौंड गॅस भरला होता. यंदा मे महिन्यात पुन्हा गारवा गेला आणि तांब्याच्या जाड पाइपवर बर्फ धरला. टेक्निशियन वीस मिनिटं वर जाऊन आला आणि म्हणाला, तीन पौंड गॅस कमी आहे, कॉइल गळतेय. कॉइल बदलायची तर ३,२०० डॉलर, फर्नेससकट सगळं नवं घेतलं तर १३,८००, आणि आजच सही केली तर त्यातले १,५०० कमी. आई-बाबा २० जूनला नाशिकहून येताहेत. बाबा फोनवर म्हणाले, ‘गॅस भरून घे की, आपल्याकडे दोन-अडीच हजारांत भरून देतात.’ त्यांची वरच्या मजल्यावरची खोली रात्री एरवीही गरम राहते. नवा घ्यायचाच तर पाच टनांचा घ्यावा का?

उत्तर: सही आज करू नका. १,५०० डॉलरची सूट उद्याही मिळते, परवाही मिळते.

आधी बर्फाचं बघू, कारण ते थांबायला तयार नसतं. थर्मोस्टॅटवर ‘कूल’ बंद करा आणि पंखा ‘ऑन’वर ठेवा. बर्फ पूर्ण वितळायला तीन-चार तास लागतात, कधी त्याहून जास्त. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, पत्र्याच्या पाकळ्या आणि नळ्या दोन्ही खराब होतील. ॲटिकमधल्या कॉइलखाली मोठं ट्रे असतं. वितळलेलं पाणी त्यात साचून छतातून टपकत नाही ना, यावर लक्ष ठेवा. त्या ट्रेला फ्लोट स्विच (पाणी चढलं की एसी बंद करणारी कळ) आहे का, तेही एकदा पाहून घ्या. नसला तर थोडक्या पैशांत बसतो आणि छताचं जिप्सम वाचवतो. बर्फ असताना यंत्र चालू ठेवलं तर कॉइलमध्ये गॅसची वाफ होत नाही, तो द्रव स्वरूपातच कंप्रेसरकडे परततो आणि तिथलं तेल धुऊन नेतो. असं आठवडाभर चाललं की कॉइलचं दुखणं कंप्रेसरवर जातं, आणि मग निवड करायला काही उरत नाही.

आता मूळ मुद्दा. बारा वर्षांच्या यंत्राचं काय करायचं हे वयावरून ठरत नाही. काय बिघडलंय आणि ते सिद्ध झालंय का, यावर ठरतं. तुमच्या बाबतीत अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. वीस मिनिटांत ‘कॉइल गळतेय’ हे कळू शकतं, पण त्यासाठी हातात यंत्र धरून शोधावं लागतं. ‘गॅस कमी आहे म्हणजे कॉइलच असणार’ हा अंदाज झाला. तो बरेचदा खरा ठरतो, पण ३,२०० डॉलर अंदाजावर खर्च करू नयेत.

गॅस खरंच कमी आहे का, इथूनच सुरुवात करा. फिल्टर तुंबलेला असला, ब्लोअर (घरात हवा फेकणारा पंखा) मंदावला असला किंवा कॉइलवर धूळ बसली असली, तरी पाइपवर बर्फ धरतो आणि गेजवर परतीचा दाब कमीच दिसतो. नुसता दाब बघून गॅस भरणारा माणूस इथे फसतो. फरक दोन आकड्यांत कळतो, सुपरहीट (कॉइलमधून परतणारी वाफ उकळबिंदूच्या किती वर तापलीय) आणि सबकूलिंग (बाहेरच्या युनिटमधून निघणारा द्रव गॅस द्रव होण्याच्या तापमानाच्या किती खाली गार झालाय). गॅस कमी असेल तर सुपरहीट जास्त आणि सबकूलिंग कमी येतं. हवा कमी पडत असेल तर सुपरहीट कमीच राहतं. तुमच्या यंत्राला सबकूलिंग किती हवं हे बाहेरच्या युनिटच्या पाटीवर किंवा झाकणाच्या आतल्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, सहसा १० अंश फॅरेनहाइटच्या आसपास. टेक्निशियनला हे दोन्ही आकडे पावतीवर लिहून मागा. जो देत नाही, त्याने ते मोजलेले नाहीत असं समजा.

स्वतः करण्यासारखी एक चाचणी आहे. बर्फ पूर्ण वितळल्यावर नवा फिल्टर घाला आणि एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा. मग रिटर्न जाळीतून आत जाणाऱ्या हवेचं आणि फर्नेसजवळच्या व्हेंटमधून येणाऱ्या हवेचं तापमान स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजा. १६ ते २२ अंश फॅरेनहाइटचा फरक ठीक आहे. १० ते १२ च आला तर गॅसचा किंवा कंप्रेसरचा संशय घ्या. २५ च्या वर गेला तर हवा अडतेय.

गॅस कमी आहे हे नक्की झालं की तो कुठून जातोय ते शोधायचं. सगळ्यात स्वस्त जागा आधी बघावी. बाहेरच्या युनिटच्या सर्व्हिस पोर्टमध्ये सायकलच्या व्हॉल्व्हसारखा एक गाभा असतो, श्रेडर कोअर. त्याची किंमत काही डॉलर, आणि गॅस वर्षभर तिथूनच झिरपत असू शकतो, विशेषतः मागच्या खेपेला वरची टोपी कुणी घट्ट लावली नसेल तर. साबणाचं पाणी लावलं की दोन मिनिटांत कळतं. मग पाइपचे झाळलेले सांधे, आणि जिथे पाइप पत्र्याला घासतो तो भाग. हे सगळं निर्धोक निघालं तर आतली कॉइल. त्यासाठी एसी पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरचं टोक कॉइलच्या पेटीत तळाशी किंवा ड्रेनच्या तोंडाशी धरतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. यंत्र इथे ओरडलं आणि बाहेर गप्प राहिलं तर कॉइलवर संशय पक्का. संशय उरलाच तर शेवटचा उपाय म्हणजे बाहेरच्या युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून आतल्या बाजूत नायट्रोजनचा दाब भरायचा आणि तो उतरतो का ते बघायचं. या शोधासाठी वेगळे पैसे पडतात, पण इतक्या मोठ्या निर्णयाआधी ते द्यावेत.

बाकी २०१४ च्या सुमाराची तांब्याची कॉइल गळणं यात नवल काही नाही. घरातल्या फर्निचर, रंग, कार्पेट आणि साफसफाईच्या द्रव्यांतून निघणारी सौम्य आम्लं कॉइलवरच्या ओलाव्यात मुरतात आणि तांब्याला आतून वारुळासारखी सूक्ष्म भुयारं पडतात. बाहेरून छिद्र दिसत नाही. म्हणून अशी कॉइल सांधून उपयोग नसतो, एक जागा बुजवली की शेजारची गळते. गळती बुजवणारं औषध गॅसमध्ये सोडून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेत) अडकू शकतं, आणि पुढच्या टेक्निशियनची उपकरणंही खराब करतं.

बाबांच्या सूचनेबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, या उन्हाळ्यापुरती ती कदाचित सगळ्यात शहाणपणाची ठरेल. फक्त प्रमाण वेगळं आहे. नाशिकच्या दीड टनाच्या स्प्लिट एसीत किलोभर किंवा त्याहून कमी गॅस असतो. तुमच्या यंत्रात पाइपसकट नऊ-दहा पौंड, म्हणजे चार किलोच्या वर. शिवाय अमेरिकेत ईपीए या पर्यावरण खात्याचं सेक्शन ६०८ प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच हा गॅस विकत घेता आणि हाताळता येतो, म्हणून मजुरीही तशी. घरगुती यंत्रात गळती न काढता गॅस भरायला कायद्याची आडकाठी नाही. पण तीन पौंड आर-४१०ए हवेत जाणं म्हणजे सुमारे २.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतकं आहे, कारण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट उष्णता धरतो. एका उन्हाळ्यासाठी नाइलाज म्हणून ठीक. दरवर्षीची सवय म्हणून नाही.

मग ३,२०० की १३,८००? बाजारात एक ठोकताळा चालतो, यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च ५,००० च्या वर गेला की नवं घ्या. त्याच्या नादी लागू नका. १२ वर्षं गुणिले ४५० डॉलर म्हणजे ५,४००. म्हणजे बाहेरच्या पंख्याची मोटर गेली म्हणून अख्खं यंत्र फेकायचं! कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग), काँटॅक्टर (एसी चालू-बंद करणारा विजेचा स्विच), पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, ड्रेन पंप या गोष्टी पंधराव्या वर्षीही बिनदिक्कत बदलाव्यात. टेक्सासात काँटॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या चिरडून एसी बंद पडतो. तिथे नवा एसी विकायला निघालेल्या माणसाला दार दाखवावं.

त्याऐवजी दर वर्षाचा खर्च मांडा. डॅलसच्या उन्हात यंत्रं सहसा बारा ते पंधरा वर्षं टिकतात, नीट निगा असली तर थोडी जास्त. नवी कॉइल घालून जुनं यंत्र अजून चार वर्षं चाललं तर वर्षाला ८०० डॉलर. दोनच वर्षांत कंप्रेसर गेला तर वर्षाला १,६००. नवं यंत्र १३,८०० ला घेऊन पंधरा वर्षं चाललं तर वर्षाला ९२०. त्यातून विजेची बचत वजा करायची, आणि ती विक्रेता सांगतो त्यापेक्षा बरीच कमी निघते. सीअर म्हणजे एका युनिट विजेत यंत्र किती हजार बीटीयू (उष्णतेचं माप) बाहेर काढतं तो आकडा. तुमचं यंत्र सीअर १३ चं धरू, नवं जुन्या मापाने सीअर १६ चं, म्हणजे आजच्या पाटीवर सीअर-२ सुमारे १५.२. चार टन म्हणजे तासाला ४८,००० बीटीयू. वर्षाला २,००० तास पूर्ण भाराने चाललं तर जुनं सुमारे ७,४०० युनिट खाईल, नवं ६,०००. १५ सेंट दराने बचत झाली २१० डॉलर. बचतीसाठी म्हणून कुणी चालू एसी बदलू नये. तुमच्या हिशेबात मात्र ती धरली की नवं यंत्र वर्षाला ७१० वर येतं. दोन्ही पर्याय जवळपास सारखे पडतात, म्हणून काट्यावरचं शेवटचं वजन कंप्रेसरचं.

कंप्रेसर धडधाकट आहे का हे आधी मोजून घ्या. चालू असताना तो किती अँपिअर ओढतो आणि पाटीवर आरएलए (भाराखालचा ठरलेला प्रवाह) किती लिहिलंय, हे ताडून बघायचं. आकडा पाटीच्या वर जात असेल तर काळजी. आतल्या तारांच्या वेष्टनातून जमिनीकडे वीज झिरपते का हे मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासायचं. कपॅसिटरवर लिहिलेले मायक्रोफॅरॅड आणि मोजलेले यांत सहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो बदलायचा, म्हातारा कंप्रेसर कमकुवत कपॅसिटरवर सुरू होताना दमतो. तुमचा कंप्रेसर दोन वर्षं कमी गॅसवर चाललाय, आणि त्याला थंड ठेवायचं काम परतीचा गॅसच करतो. म्हणून ही तपासणी टाळू नका.

आमचा कौल असा. गळती कॉइलमध्येच आहे हे सिद्ध झालं, कंप्रेसरचे आकडे ठीक आले आणि कॉइलचं काम गॅससकट अडीच हजारांच्या आत बसलं, तर कॉइल बदला. ३,२०० च्या खाली कुणी येत नसेल किंवा कंप्रेसरबद्दल शंका असेल, तर आत्ता तीन पौंड गॅस भरून आई-बाबांचा उन्हाळा काढा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवं यंत्र घ्या. मे ते ऑगस्ट डॅलसमध्ये एसीवाल्यांना उसंत नसते. घाईत भाव चढतो आणि काम घिसाडघाईचं होतं. थंडीच्या तोंडाशी तोच माणूस अर्धा दिवस जास्त देतो. भरलेला गॅस महिन्याभरात संपला तर मात्र गळती वाढलीय, मग ऑक्टोबरची वाट बघण्यात अर्थ नाही. मधल्या काळासाठी त्यांच्या खोलीत छोटा विंडो एसी ठेवता येईल. एचओएला (वसाहतीच्या घरमालक संघटनेला) खिडकीतलं चालत नसेल तर चाकांवरचा घ्या.

वॉरंटीकडे जाता जाता बघून घ्या. पार्ट्सची दहा वर्षांची वॉरंटी पहिल्या मालकाने ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली असेल तरच असते, नाहीतर पाच, आणि घर विकल्यावर ती बरेचदा आटते. तुमच्याकडे ती बहुधा उरलेली नाही. तरी कॉइलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघा. आधीच्या मालकाने मध्येच कॉइल बदललेली असली तर तिची वॉरंटी वेगळी चालते.

कॉइल बदलली तर कामात काय काय व्हायला हवं हे आधीच लेखी घ्या. ॲल्युमिनियमची कॉइल, तुमच्या बाहेरच्या युनिटशी जुळणारी. सोबत नवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. नवा फिल्टर ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा आणि कचरा टिपणारी डबी. झाळताना पाइपमधून नायट्रोजन सोडलेला, नाहीतर आत काजळी धरून तोच नवा व्हॉल्व्ह तुंबतो. मग पाइपमधली हवा आणि ओलावा पंपाने ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनखाली, आणि पंप बंद केल्यावर काटा वर चढतो का हे दहा मिनिटं थांबून बघणं. शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून. घाईच्या दिवसांत व्हॅक्यूमला काट मारली जाते, आणि आत राहिलेला ओलावा तेलाशी मिसळून आम्ल तयार करतो.

नवं घ्यायचं झालं तर बदललेल्या नियमांची थोडी माहिती असू द्या. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरांसाठी आर-४१०ए चे नवे एसी बनवायला बंदी आली. आता आर-४५४बी आणि आर-३२ आहेत. दोन्ही किंचित ज्वलनशील, म्हणून आतल्या कॉइलपाशी गळतीचा सेन्सर असतो. आर-३२ भारतातल्या घराघरांत आहे, त्याचा बागुलबुवा करू नका. मात्र नव्या गॅसचं बाहेरचं युनिट तुमच्या जुन्या कॉइलवर बसवता येत नाही, दोन्ही जोडीनेच घ्यावी लागतात. आर-४१०ए गॅस आणि सुटे भाग मिळत राहतात, तेव्हा ‘तुमचा गॅस बंद झाला’ या धमकीला भिऊ नका. ती धमकी आर-२२ या जुन्या गॅसवाल्यांना लागू आहे. त्याचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे, आणि अशा यंत्राची कॉइल किंवा कंप्रेसर गेला तर आम्ही दुसरा विचार करत नाही, नवं घ्यायला सांगतो.

फर्नेसचा भाव वेगळा मागा. बारा वर्षांची फर्नेस बरेचदा अजून पाच-सात वर्षं काढते. हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या भागाला) तडा नसेल आणि ब्लोअर नव्या कॉइलला पुरेल एवढी हवा फेकत असेल, तर ती राहू द्या. कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या. प्रत्येकावर मॉडेल नंबर, एएचआरआय जोडी क्रमांक (आतलं आणि बाहेरचं युनिट एकमेकांशी जुळतं याची नोंद), शहराचा परवाना कोण काढणार, आणि मजुरीची वॉरंटी किती वर्षं, हे असू द्या. टेक्सासात एसी कंत्राटदाराचा परवाना क्रमांक टीएसीएल या अक्षरांनी सुरू होतो आणि तो गाडीवर लिहिलेला असावा लागतो. राज्याच्या परवाना खात्याच्या साइटवर तो तपासता येतो. आणि ‘फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल’ असं कुणी सांगितलं तर ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं हे लक्षात असू द्या. वीज कंपनीची सवलत असू शकते, ती स्वतः विचारा.

पाच टनांचा घेऊ नका. टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा लागते. चार टनांना १,६०० आणि पाचला २,०००. तुमचे डक्ट (हवा वाहून नेणारे नळ) आणि रिटर्न जाळी चारसाठी घातलेत. त्यांतून २,००० ढकलायला गेलं तर आवाज वाढतो आणि ब्लोअर लवकर जातो. वर मोठं यंत्र घर झटपट गार करून बंद पडतं, तेवढ्यात हवेतला दमटपणा जात नाही आणि चिकटपणा राहतो. किती टन हे चौरस फुटांवरून नाही, मॅन्युअल जे पद्धतीच्या हिशेबाने ठरतं. खिडक्या, दिशा, इन्सुलेशन सगळं त्यात येतं. नवं यंत्र विकणाऱ्याने तो कागद द्यायला हवा. डक्टमधला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवेला होणारा अडथळा, हाही मोजून मागा. तो पाण्याच्या ०.५ इंचाच्या बराच वर असेल तर आधी डक्ट दुरुस्त करायचे, मग यंत्र.

वरची खोली गरम राहते त्याचं कारण बहुतेक टनांमध्ये नाहीच. ॲटिकमध्ये जाऊन, पण सकाळी लवकर, दुपारी तिथे तापमान १३० अंश फॅरेनहाइटच्या आसपास जातं, त्या खोलीकडे जाणारा लवचीक डक्ट बघा. तो कुठे दुमडलाय का, खोक्यांखाली चेपलाय का, सांध्यापाशी निसटून ॲटिकलाच गार करतोय का. मग रात्रीची चाचणी. आई-बाबा दार लावून झोपणार. खोलीत व्हेंट आहे पण रिटर्न जाळी नसेल, तर आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट नसते आणि हवा येणंच मंदावतं. एक रात्र दार बोटभर उघडं ठेवून झोपा. खोली गार झाली तर दाराखालची फट सुतारकाम करून इंचभर करा, किंवा दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवा.

उरला थर्मोस्टॅट. तो खालच्या मजल्यावर असेल तर रात्रीपुरता पंखा ‘ऑटो’ऐवजी तासातून वीसेक मिनिटं फिरेल अशी ‘सर्क्युलेट’ सेटिंग लावून बघा. सतत ‘ऑन’ मात्र ठेवू नका, कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळून खोली दमट होते.